आवक-जावक

एकतीस डिसेंबर, संध्याकाळचे पाच पन्नास.
मावळत्या कुलगुरूंनी शेवटची सही केली :
वसतिगृहाच्या टाकीच्या गळतीचं बिल.
पेनाला टोपण लावलं, पेन खिशात टाकलं,
मग बाहेर काढून परत टेबलावर ठेवलं.
पेन विद्यापीठाचं होतं.

मी जावक क्रमांक टाकला. चार हजार सातशे बारा.
खाली लाल रेघ मारली. वही संपली.

दारात भोईटे मामा पाटीचे स्क्रू काढत होते.
तीन निघाले. चौथा हलेना.
"हा मागच्याच्या मागच्या साहेबांपासून आहे बाई,
राहू दे. नवी पाटी ह्याच्यावरच टांगू."
खुर्चीवरचा पांढरा टॉवेल त्यांनी धुवायला घरी नेला.

दोन दिवस खुर्ची उघडी.
प्रभारींना पत्र आलं होतं :
दैनंदिन कामकाज पाहावे,
धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत.
त्यांनी पाहिलं. खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडेही पाहिलं.
चहा दोनदा घेतला.

आणि नव्या कोऱ्या वहीत
आवक क्रमांक एक :
राज्य संशोधन स्पर्धा, प्रथम पारितोषिक,
कुमारी संजीवनी रांजणे, एम.एस्सी. भाग दोन,
विषय : स्ट्रॉबेरीवरील लाल कोळी.

ही पोरगी मला माहीत आहे.
मेढ्याच्या पुढून येते, पहिल्या एस.टी.नं.
बोनाफाइडसाठी आली तेव्हा गळ्यात भिंग होतं, दोरीला बांधलेलं.
दोन हिवाळे तिनं वाफ्यात उकिडवं बसून कोळी मोजले,
सहा हजार पानं.
"पान उलटल्याशिवाय दिसत नाहीत हो,
वरून सगळं हिरवंगारच असतं."
वडील म्हणायचे, मोजतेस कशाला, मार की.

दुपारी जनसंपर्कमधून फोन.
बातमीत कुणाच्या कुशल नेतृत्वाखाली लिहू?
जुन्यांच्या की नव्यांच्या?
मी म्हटलं, त्या दिवशी कुणीच नव्हतं.
पलीकडे बराच वेळ शांतता.
शेवटी दोघांचीही नावं गेली. फोटोही दोघांचे.
संजीवनीचा तिसरा, कोपऱ्यात, आयकार्डावरचा,
डोळे अर्धवट मिटलेले.

मार्गदर्शकाचं नाव राहूनच गेलं.
डॉ. शमा मुजावर. तासिका तत्त्वावर.
त्यांचं मानधनाचं बिल जूनपासून माझ्याकडं फिरतंय,
जुन्या वहीत आवक नऊशे अठ्ठ्याऐंशी.
चार टेबलं, चार शेरे, अक्षरं वेगळी, वाक्य एकच :
तपासून सादर करावे.
मॅडम कधी विचारायला आल्या नाहीत.
फक्त सहीच्या वेळी काउंटरपाशी
जरा जास्त वेळ पर्स आवरत उभ्या राहतात.

मला धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत.
मला टाचणी लावता येते.

सोमवारी नवे कुलगुरू आले.
हार, शाल, श्रीफळ, पुन्हा हार,
टॉवेलला नीळ जरा जास्तच झालेली.
गर्दी पांगल्यावर मी फाइल ठेवली.
वर अभिनंदनपत्र, त्याखाली आवक क्रमांक दोन.

पत्रावर त्यांनी झोकात सही केली. पहिलीच सही.
"वा! आपली विद्यार्थिनी!"
मग पान उलटलं.
वाचलं. चष्मा काढला. परत वाचलं.
"हे ह्याला कसं काय जोडलंय?"
मी म्हटलं, सर, शिकवलं ह्यांनीच.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.
त्यांनी समासात लिहिलं, बारीक अक्षरात :
आजच अदा करावे.
'आजच'खाली रेघ मारली,
मग थोडा विचार करून 'नियमानुसार' हा शब्द मध्ये घुसवला.

नियमानुसार म्हणजे मार्च उजाडेल, हे मला कळतं.
तरी जावक क्रमांक टाकला. शिक्का जरा दाबूनच मारला.

बाहेर भोईटे मामा नवी पाटी सरळ करत होते.
चौथ्या स्क्रूकडून ती किंचित कलते.
जिन्यावरून मुजावर मॅडम येताना दिसल्या,
हातात खडू, मागं आठ-दहा पोरं.
मी हाक मारणार होते.
पण त्यांचा तास सुरू व्हायचा होता,
आणि तासाचेच पैसे असतात.